मंगळावरची भाकरी

जे आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही, ते आधी सांगून टाकतो. आमच्या कोल्हापुरात बायस्कोपचं चित्र सांगणारा एक माणूस होता. त्याला भर थिएटरात लोकांनी हसून हसून खोक्यावरून खाली उतरवलं, आणि त्यानंतर तो कधी पडद्याशेजारी उभा राहिला नाही. त्या दिवशी त्याचं काही चुकलं नव्हतं. खोटं मी त्याच्या तोंडात घातलं होतं. जाणूनबुजून, दुपारी, शुद्धीवर असताना.

आता चित्रं स्वतःच बोलतात, म्हणून नव्या माणसाला थोडं समजावून सांगावं लागेल. महाराज गादीवर होते त्या काळात चित्र मुकं असे आणि तंबूत दाखवत. मधूनमधून इंग्रजी अक्षरांची पाटी येई, ती वाचणारे सगळ्या तंबूत पाच-सहा जण. म्हणून पडद्याच्या डाव्या अंगाला खोक्यावर एक माणूस उभा राही आणि गोष्ट सांगे. आमचा सांगणारा आधी गुळाच्या पेठेत सौदे पुकारायचा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं तो विसरत नसे. आवाज असा, की पेटी-तबला दोन्ही चालू असताना पार मागच्या कनातीपाशी शब्द न् शब्द पोचायचा.

त्याची एक खुबी होती. दुसऱ्या गावचे सांगणारे पडद्यावर दिसलं की मग सांगत. हा गोष्ट कुणाकडून तरी आधीच वाचून घेई आणि आधी सांगे. "आता ह्यो दार उघडतोय बघा," म्हणे, आणि दार उघडे. "आता बाई रडती," म्हणे, आणि बाई पदर, म्हणजे तिचा तो रुमाल, डोळ्याला लावी. चित्र जणू त्याच्या हुकमात होतं. लोक त्यावर जीव टाकायचे. माझा सगळा सूड या एका खुबीवर उभा राहिला.

युरोपातली लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी पंचगंगेच्या वाटेवरच्या तंबूत एक चित्र आलं. त्याचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही, सगळे त्याला 'हंड्याचं चित्र' म्हणत. तीन विद्वान एका भल्या मोठ्या लोखंडी हंड्यात बसून मंगळावर जातात. तिथं तांबडी माती (पडद्यावर ती काळीच दिसे, पण सांगणारा तांबडी म्हणे म्हणून आम्हाला तांबडी दिसे), काटेरी झाडं, आणि बेडकासारख्या उड्या मारणारी माणसं. ती माणसं मागं लागतात. पळापळीत दोघं हंड्यात शिरतात, दार बंद होतं, आणि तिसरा, पांढऱ्या दाढीचा म्हातारा, बाहेरच राहतो. हंडा वर जातो. म्हातारा टेकाडावर उभा राहून डाव्या हातानं रुमाल हलवतो. हंड्याचा ठिपका होतो. मग पाटी: दुसरा भाग लवकरच.

तो लवकरच काही येईना. लढाई लागली, जहाजं बंद पडली, आणि सगळं कोल्हापूर त्या म्हाताऱ्याची वाट बघत बसलं. अतिशयोक्ती करत नाही. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला उभे राहिलेले पैलवान पेला हातात धरून वाद घालायचे.

"त्यो काय मरतोय व्हय? त्या बेडक्यांस्नी त्यो डाव शिकवणार आन् तालीम काढणार."

"तालीम काढंल, पन खुराक कुठनं आणंल? मंगळावर म्हस हाय काय?"

"तुझी दे धाडून. न्हायतरी आटलीयाच."

एका जोशीबुवांनी म्हाताऱ्याची पत्रिका मांडली होती. जन्मवेळ ठाऊक नसताना. मंगळ असलेल्या मुलींच्या आया म्हणायच्या, तो मेला ग्रह इतका वाईट असता तर शिकली-सवरलेली माणसं पैसे मोडून तिथं गेली असती का? स्टेशनवर गाडी हलली की लोक डाव्या हातानं रुमाल हलवायचे. आणि रस्त्यात माणूस माणसाला भेटला, की रामराम राहिला बाजूला, "आला काय म्हातारा?" "न्हाय की अजून." असं चालायचं. वर्षानुवर्षं चाललं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, महाराजांच्या पागेत जीन आणि लगाम शिवायचे. मोजकं बोलणारा माणूस. घरातही चार शब्दांत काम भागवायचे. त्यांनी हंड्याचं चित्र पाच वेळा पाहिलं, जमिनीवर, अगदी पुढं बसून. मी शेजारी असायचो. चार वेळा ते गप्प बसले. पाचव्या वेळी हंडा वर निघाला आणि आबा एकदम उठून उभे राहिले. आपण कुठं आहोत याचं भानच नव्हतं त्यांना. पडद्याकडं हात करून ओरडले,

"आरं, त्याला भाकरी तरी ठेवून जावा की!"

आणि खोक्यावरून तो सांगणारा म्हणाला,

"मामा, डबा द्या हिकडं! फुडच्या हंड्यानं धाडतो!"

तंबू असा हसला की पेटीवाल्याचे हात थांबले. आबा खाली बसले. त्यांचा कान माझ्याजवळ होता, तो तापलेला मला जाणवला.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी काही मनात धरलं नसतं. पण त्याला ते वाक्य सापडलं. गुळाच्या ढेपेला मुंगळा चिकटावा तसा तो त्याला चिकटला. त्यानंतरच्या प्रत्येक खेळाला, हंडा वर निघाला की तो थांबायचा आणि आबांच्या आवाजात म्हणायचा, "आन् आमच्या गावचं एक मामा म्हणत्यात, भाकरी तरी ठेवा!" लोक त्यासाठी पुन्हा तिकीट काढून यायचे. पागेत आबांना विचारायचे, "काय मामा, डबा गेला काय?" अनोळखी पाहुणा आला तर त्याला दाखवायचे, "पावणं, हेच बघा ते, मंगळावरची भाकरी."

आबांनी पागेत भाकरी न्यायची सोडली. फडक्यात बांधलेली भाकरी सोडली की कुणीतरी हसणारच, म्हणून. सकाळी तांब्याभर ताक पिऊन जायचे, दिवसभर चामड्याला सुई टोचत उपाशी बसायचे, आणि दिवेलागणीला घरी येऊन जेवायचे. वर्ष नाही, दोन वर्षं नाही. शेवटपर्यंत. आई विचारायची, तर म्हणायचे, "दुपारचं जेवलं की झोप येती." मला कारण ठाऊक होतं. मी छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचो, जेवायच्या सुट्टीत माझी भाकरी सोडायचो, आणि प्रत्येक घासाला त्या माणसाचं तोंड आठवायचो. माणूस असा द्वेष करायला लागला की त्याला त्याची सवय लागते. मला लागली. सकाळी दात घासताना मी त्याचं वाईट चिंतायचो.

आणि तरी आबा वाट बघत होते. तंबूकडं पुन्हा फिरकले नाहीत, पण बायस्कोपच्या जाहिराती आमच्याच छापखान्यात छापल्या जातात हे त्यांना माहीत होतं. आठ-पंधरा दिवसांनी, माझ्याकडं न बघता, चामडं कापत विचारायचे, "आला काय म्हातारा?" मी नाही म्हणायचो. ते मान हलवायचे.

लढाई संपता संपता तापाची साथ आली, त्यात आबा गेले. म्हातारा त्यानंतर दुसऱ्या वर्षी आला.

तोवर तंबू जाऊन पत्र्याचं पक्कं थिएटर झालं होतं. 'हंड्याचा दुसरा भाग, रविवारी' अशी जाहिरात मीच जुळवली. शनिवारपासून लोक थिएटरच्या दाराशी बसून होते. इचलकरंजीहून, पार नेसरीहून बैलगाड्या आल्या होत्या. तालमीतले पैलवान अंगाला तेल लावलेले तसेच रांगेत उभे. रिळांचे डबे रविवारी सकाळच्या गाडीनं आले आणि खेळ दुपारी चारला, त्यामुळे चित्र आधी चालवून बघायला वेळच नव्हता. डब्यांबरोबर गोष्टीचा एक इंग्रजी कागद होता.

तो कागद घेऊन सांगणारा दुपारी छापखान्यात आला. मी एकटाच होतो. जाहिराती उरल्या होत्या त्या मोजून बांधत होतो. मी कुणाचा मुलगा हे त्याला माहीत नव्हतं. त्याला मी फक्त इंग्रजी वाचणारा मास्तर.

"मास्तर, तेवढं वाचून सांगा. एकदाच. मला पुन्यांदा लागत न्हाय."

त्यानं चिरमुऱ्यांची पुडी माझ्यापुढं सोडली आणि पाय दुमडून कागदाच्या रिमांवर बसला. हातांना घाम सुटलेला, तो धोतराला पुसत होता. तोही वाटच बघत होता की सहा-सात वर्षं.

मी कागद मनात वाचला. दोघं मित्र नवा हंडा बांधून परत जातात. म्हातारा जिवंत असतो. दाढी कमरेपर्यंत आलेली. ते त्याला सगळ्यांत आधी काय देतात? पाव देतात. त्यानं तो दोन्ही हातांत धरून खाल्ला, असं लिहिलं होतं. साता समुद्रांपलीकडं कुण्या माणसाला, ही गोष्ट रचताना, नेमका तोच प्रश्न पडला होता जो पागेतल्या एका जीन शिवणाऱ्याला पडला. आबांचं खरं निघालं होतं. छापील अक्षरांत.

त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलं नाही. मला वाटलं, हे तुझ्या तोंडातून मी जाऊ देणार नाही. माझ्या बापाचं खरं निघाल्याचं तू खोक्यावरून सांगणार आणि टाळ्या घेणार? नाही.

"म्हातारा मेलेला असतो," मी म्हणालो.

त्याचं तोंड उघडंच राहिलं. "मेला?"

"उपाशी. यांना टेकाडावर त्याची हाडं सापडतात. ते दगड रचून त्याला पुरतात. पहिल्या रिळात वाट, दुसऱ्याच्या सुरुवातीला हाडं, पुढं मंगळावरच्या माणसांशी मारामारी आणि परत." मारामारी खरी होती, ती मी ठेवली. खोट्याला खऱ्याचा आधार दिला. वर आणखी म्हणालो, "तुम्ही सुरुवातीलाच सांगा. म्हातारा मेला म्हणून. लोक आधीपासून रडतील. तुम्हाला जमतं ते."

त्यानं हात पुन्हा धोतराला पुसले. मग हळू म्हणाला, "म्हंजे त्या मामाचं खरं झालं की वं, मास्तर."

मी खिळ्यांच्या पेटीत हात घालून काहीतरी शोधायचं नाटक केलं.

"एक मामा हुतं. मागं त्यांचा मी लई खेळ केला. लोक हसत्यात म्हणून करत गेलो. नंतर त्यांनी यायचंच सोडलं. मनात राहिलंय ते. आज गावाम्होरं सांगतो, मामा, तुमचं खरं, आमी सगळी येडी."

मी तेव्हा सांगू शकत होतो. तो रिमांवर बसला होता, मी चार हातांवर उभा होतो. "बरं," एवढंच म्हणालो. तो निघाला. चिरमुऱ्यांची पुडी राहिली. ती मी खाल्ली. हेही सांगून टाकतो.

चार वाजता थिएटरात पाय ठेवायला जागा नव्हती. पत्रा तापलेला, फटींना गोणपाट लावलेलं, बायकांच्या बाजूला पोरं रडतायत, पैलवान दंड थोपटतायत. सांगणारा खोक्यावर चढला तसा आवाज बंद. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं.

"मंडळी, म्हाताऱ्याला बघायला आलासा. पर म्हातारा न्हाय. म्हातारा उपाशी गेला."

बायकांच्या बाजूनं "अगं बाई!" असं आलं. एक पैलवान मोठ्यानं हुंदकला, त्याला कुणी हसलं नाही.

"तवा आपल्यातलं एक मामा उठून म्हणालं हुतं, भाकरी तरी ठेवा. मी त्यांची चेष्टा केली. तुमी हसलासा. आज मी त्यांचं पाय धरतो. मामा आल्यात काय? कुठं हायसा, मामा?"

"मामा गेलं की रं साथीत!" मागून कुणीतरी म्हणालं. "त्यांचा पोरगा बसलाय बघ खांबाजवळ! त्यो छापखान्यातला!"

शेकडो माना माझ्याकडं वळल्या. त्याच्या नजरेला मी सापडलो. छापखान्यातला मास्तर आणि मामाचा मुलगा एकच, हे त्याला तिथं, त्या क्षणी कळलं. चेहऱ्यावर संशय आला नाही. लाज आली. त्यानं पागोटं काखेत धरून, खोक्यावरून, मला हात जोडले. आणि दिवा गेला.

पहिलं रीळ वाटेचं होतं. ते संपलं की दुसरं चढवेपर्यंत दिवा लागायचा. लागला. मी बसलो होतो तिथून खोकं पंधरा पावलं असेल. तो पाणी पीत होता. उठून कानात चार शब्द सांगायचे. मी मांडीवरचा हातरुमाल घडी करत बसलो. घडी केली, मोडली, पुन्हा केली. दिवा गेला.

"आता टेकाड येतंय," तो म्हणाला, आणि टेकाड आलं. "आता ह्यास्नी हाडं दिसत्यात," म्हणाला, आवाज कापरा, मन लावून, "बघा, माणसाची हाडं..."

टेकाडामागून म्हातारा उड्या मारत आला. डाव्या हातात रुमाल. दाढी कमरेपर्यंत. एका मित्रानं पिशवीतून पाव काढून दिला आणि म्हातारा तो दोन्ही हातांनी खाऊ लागला.

आधी कुणाला काही कळेना. मग मागून एक आवाज आला.

"आयला, मढं जेवतंय की रं!"

आणि फुटलं. "श्राद्धाचं पान वाढलंय त्याला!" "आरं, त्याला सांगा कुणीतरी, तू मेलायस म्हणावं!" मघाशी हुंदकलेला पैलवान सगळ्यांत चिडला होता, त्यानं वहाण फेकली. तो सांगणारा बोलायचा प्रयत्न करत होता, "थांबा, मंडळी, आता..." पण आता पुढं काय होणार हे त्याला माहीतच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तो चित्राच्या मागं पडला. जे दिसेल ते बघून बोलायला लागला, आणि बोलेपर्यंत पडद्यावर दुसरंच काही. लोक त्याच्या प्रत्येक शब्दावर हसत होते. चिरमुरे, शेंगांची टरफलं, वहाणा. तो खोक्यावरून उतरला तो पडद्याच्या उजेडातून वाकून गेला, आणि त्याची सावली म्हाताऱ्याच्या अंगावरून सरकली.

मी हसत होतो. हे लिहायला सगळ्यांत जड जातंय, पण मी पोट धरून हसत होतो. ते हसू गोड होतं. आबांच्या एकेका उपाशी दुपारचं उट्टं निघत होतं, असं मला वाटत होतं. पुढं कितीतरी दिवस मी ते आठवून आठवून चघळलं.

मग हळूहळू चव बदलली. कधी बदलली ते सांगता येत नाही. पण एक दिवस लक्षात आलं, की त्या दिवशी पडद्यावर म्हाताऱ्याला भाकरी मिळाली आणि आबांचं नाव कुणीच घेतलं नाही. कुणाला सुचलंच नाही. सगळे सांगणाऱ्याला हसण्यात गुंतले होते. आबांची माफी मागणारं अख्ख्या गावात एकच तोंड होतं, ते मी बंद केलं. माझ्या हातानं मी बापाची दुसऱ्यांदा चेष्टा केली.

थिएटरच्या मालकानं त्याच संध्याकाळी त्याला काढून टाकलं. "कुणी सांगितली तुला ही गोष्ट?" असं मालकानं चारचौघांत विचारलं, तेव्हा मी तिथं होतो. सांगणाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला सगळं कळलं होतं. म्हणाला, "माझ्याच ध्यानात घोळ झाला, मालक." दुसऱ्या दिवशी मालक स्वतः कागद घेऊन नव्या सांगणाऱ्यासह छापखान्यात आला. मी नीट, अक्षर न अक्षर वाचून दाखवलं.

जुना सांगणारा इचलकरंजीला गेला, मागाच्या कारखान्यात लागला. तिथं खडखडाटात कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नाही. मध्ये बरीच वर्षं गेली, महाराजही गेले. एकदा छापखान्याच्या कामानं मी इचलकरंजीला गेलो होतो. दुपारची सुट्टी होती. कारखान्याच्या भिंतीला टेकून तो भाकरी खात होता, केस पिंजलेल्या कापसासारखे. मला ओळखलं. सरकून जागा केली.

"या, मास्तर. जेवलासा काय?"

शेजारचा कामगार हसत म्हणाला, "कोण रं ह्ये, मढं? तुझ्या गावचं?" इतक्या वर्षांनीही, दुसऱ्या गावात, त्याला त्याच नावानं हाका मारत होते.

"व्हय," तो म्हणाला. "शिकल्यालं हायेत."

मी जेवलो नव्हतो. "जेवलोय," म्हणालो आणि निघून आलो. त्या शेजाऱ्याला एक वाक्य सांगितलं असतं तर चाललं असतं.

हे सगळं मी लिहून काढलं आहे, पण त्याला वाचता येत नाही. त्यामुळं लिहून काही फिटलेलं नाही. तो अजून आहे, अजून त्याच कारखान्यात जातो, आणि सुट्टी दुपारी बाराला होते. त्याच्या शेजारी बसून, त्याच्या भाकरीतली अर्धी खाऊन, सगळ्या कामगारांना ऐकू जाईल अशा आवाजात मला एवढंच म्हणायचं आहे, की म्हातारा मेला हे मी सांगितलं होतं, आणि ते खोटं आहे हे मला माहीत होतं. एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.